मरियन बार्तोली: दोन हातांचा फोरहँड आणि विम्बल्डनचं गवत

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय असा: फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (उलट बाजूचा) दोन्ही दोन हातांनी मारणारी फ्रान्सची मरियन बार्तोली २०१३ मध्ये विम्बल्डनच्या गवतावर जिंकली कशी? ज्या फोरहँडला प्रशिक्षक व्यंग समजतात, त्याच्यासह हे कसं जमलं? याचं उत्तर भूमितीत आहे. आकडे घेऊन आलोय, शेवटी मांडतोच. पण आधी रतुर्नाकला जायला हवं.

रतुर्नाक हे फ्रान्सच्या ओत-ल्वार भागातलं छोटं गाव. बार्तोलीचा जन्म जवळच्या ल पुई-आँ-व्हले इथला, २ ऑक्टोबर १९८४ चा, पण टेनिस रतुर्नाकचं. वडील वॉल्टर डॉक्टर होते, आणि प्रशिक्षक म्हणून स्वयंशिक्षित. १९९२ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात मोनिका सेलेसनं स्टेफी ग्राफला हरवलं, ते बापलेकीनं पाहिलं. सेलेस दोन्ही बाजूंना दोन हात वापरायची. मुलगीही तसंच खेळायला लागली. दवाखाना उरकला की वॉल्टर तिला गावातल्या बंदिस्त कोर्टावर न्यायचे, म्हणजे सराव रात्रीचा.

आता त्या कोर्टाची गोष्ट नीट ऐका, सगळं तिथंच आहे. क्लबच्या कोर्टावरसुद्धा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, मागं साडेपाच मीटर मोकळी जागा असावी, असं टेनिसचं मानक सांगतं. मोठ्या स्पर्धांना त्याहून जास्त लागते. रतुर्नाकला मागं भिंत, तीही जवळ. मागं सरून चेंडू खाली येऊ द्यायचा, आरामात रॅकेट फिरवायची, ही चैन तिला कधी मिळालीच नाही. चेंडू टप्पा घेऊन वर चढतानाच मारायचा, एरवी पाठ भिंतीला. दोन हातांची पकड इथं अगदी फिट बसली, कारण दोन हातांनी रॅकेट फार मागं जातच नाही. दुसरा खांदा आडवा येतो, म्हणून स्विंग आपोआप आखूड होतो. आखूड स्विंग म्हणजे लवकर तयार.

वॉल्टरनी यावर आणखी बरंच रचलं. मुलगी चवड्यावर राहावी म्हणून तिच्या बुटांच्या टाचांना टेनिसचे चेंडू बांधले. टाच टेकली की तोल जाणार! कमरेला रबरी पट्टे बांधून ताण सोसत फटके मारायला लावले. लोक हसले. पण फ्रेंच टेनिसमध्ये असे वडील नवे नाहीत. सुझान लाँग्लेनचे वडील शार्ल कोर्टावर रुमाल टाकायचे आणि पोरीला त्यावर नेम धरायला लावायचे. लाँग्लेननं सहा वेळा विम्बल्डन जिंकलं. तेव्हा हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

फ्रेंच महासंघाशी मात्र यावरूनच बिनसलं. फेड कप या देशांच्या सांघिक स्पर्धेच्या संघात खासगी प्रशिक्षकाला, म्हणजे वॉल्टरना, जागा नव्हती. वडिलांशिवाय सराव करायला ही तयार नव्हती. ती वर्षानुवर्षं संघाबाहेर राहिली आणि त्यापायी २०१२ चं लंडन ऑलिंपिकही हुकलं. तेही कुठं? विम्बल्डनच्याच गवतावर! त्या जानेवारीत ती जगात सातवी होती, तिच्या कारकिर्दीतलं सर्वोच्च स्थान. जगातली सातवी खेळाडू देशाकडं असताना ऑलिंपिकला पाठवायची नाही, याची हळहळ मला आजही वाटते. अमेली मोरेस्मो संघाची कर्णधार झाली, २०१३ च्या फेब्रुवारीत बार्तोलीनं वडिलांचं प्रशिक्षण थांबवलं, आणि ती संघात परतली.

आता माझं खरं दुखणं. २०१३ च्या विम्बल्डनबद्दल कुणाशीही बोला, एकच वाक्य ऐकू येतं: ‘तिला ड्रॉ सोपा मिळाला.’ ड्रॉ म्हणजे कुणाची गाठ कुणाशी, ते ठरवणारी सोडत. जगातल्या पहिल्या दहातली एकही खेळाडू तिच्यासमोर आली नाही, हे खरं. शारापोव्हा, अझारेंका, सेरेना सगळ्या आधीच गेल्या. पण गेल्या कशा, ते पाहा. शारापोव्हाला पात्रता फेरीतून आलेल्या लार्चर दे ब्रितोनं हरवलं. लार्चर दे ब्रितोला कारिन नॅपनं. आणि नॅपला बार्तोलीनं ६-२, ६-३. सेरेनाला सबाइन लिसिकीनं हरवलं, राद्वान्स्कालाही तिनंच, तिसऱ्या सेटमध्ये ९-७. त्या लिसिकीला अंतिम सामन्यात बार्तोलीनं ६-१, ६-४. ड्रॉ सोपा झाला असेल, तर तो इतर खेळाडूंनी हरून केला. समोर येईल तिला हरवणं एवढंच खेळाडूच्या हातात असतं.

पुण्यातल्या मंडळींना आणखी एक सांगतो. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर एलिना स्विटोलिना होती. आदल्या वर्षी आपल्या बालेवाडीत किमिको दातेला हरवून स्पर्धा जिंकलेली तीच. पुढं ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. बार्तोलीनं तिला ६-३, ७-५ असं काढलं. ही सोपी सुरुवात म्हणायची?

सात सामने, चौदा सेट. एकही सेट गमावला नाही, एकही टायब्रेक (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) लागला नाही. ८८ गेम जिंकले, ४८ दिले. नशीब दोन आठवडे असं हिशेबानं चालत नाही.

स्लोअन स्टीफन्सविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी तर बघायलाच हवी. पहिला सेट, बार्तोली ५-४, स्टीफन्सची सर्व्हिस, ड्यूस (म्हणजे बरोबरी, इथून ओळीनं दोन गुण लागतात), आणि पावसाची भुरभुर. बार्तोली म्हणाली, कोर्ट ओलं झालंय, थांबवा. प्रेक्षकांनी हुर्यो केली. ओल्या गवतावर चवड्यावरच्या खेळाडूला पहिला धोका असतो, ती बोलली ते रास्तच होतं. अडीच तासांनी दोघी परतल्या आणि बार्तोलीनं ओळीनं दोन गुण घेऊन सेट संपवला. एवढा वेळ ड्यूसवर अडकलेला गेम डोक्यात ताजा ठेवणं सोपं नाही.

आणि २००७ विसरू नका. त्या वर्षीच्या उपांत्य सामन्यात अव्वल क्रमांकाच्या जस्टिन एनाँविरुद्ध ती पहिला सेट १-६ हरली होती. मग रॉयल बॉक्समध्ये तिला पिअर्स ब्रॉस्नन दिसला, तिचा आवडता नट. त्याच्यासमोर इतकं वाईट खेळायचं नाही असं तिनं ठरवलं, हे तिनंच नंतर सांगितलं. हसताय, पण पुढचे सेट ७-५, ६-१. अंतिम सामन्यात व्हीनस विल्यम्सकडून ती हरली खरी, पण गवतावर जिंकायचं कसं हे तिला सहा वर्षं आधीच उमगलं होतं.

लिसिकीविरुद्धच्या अंतिम सामन्याचा पहिला गेम बार्तोलीनं दोन डबल फॉल्ट करून, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवून, घालवला. मग सलग सहा गेम. दुसऱ्या सेटमध्ये ५-१, तीन मॅच पॉइंट, आणि तिन्ही लिसिकीनं वाचवले. बघता बघता ५-४. इथं भलेभले कोसळतात. बार्तोलीनं शेवटचा गेम एकही गुण न देता घेतला आणि विजयाचा गुण एसनं, म्हणजे समोरचीला स्पर्शही न करता आलेल्या सर्व्हिसनं, मिळवला. तिची ती ४७ वी ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. पहिल्या विजेतेपदाआधी इतक्या स्पर्धा तोवर कुठलीही महिला खेळाडू खेळली नव्हती. आणि त्याच दिवशी बीबीसी रेडिओवरचा एक समालोचक तिच्या रूपावर घसरला. पुढं त्यानं माफी मागितली. मॉडेल होण्याचं स्वप्न मी कधी पाहिलं नाही, विम्बल्डन जिंकण्याचं मात्र पाहिलं, एवढंच ती म्हणाली. त्यावर मी आणखी काय बोलू?

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर आता भूमिती, भराभर.

दोन हातांच्या फोरहँडवरचा आक्षेप एकच: पोच कमी पडते. एका हाताच्या तुलनेत वीत-दीड वीत, म्हणजे साधारण २० ते ३० सेंटिमीटर. मान्य. आता सर्व्हिस बघा. बेसलाइन ते जाळी ११.८९ मीटर, जाळी ते सर्व्हिस लाइन ६.४० मीटर. कोर्टाच्या मधोमध उभं राहून बाहेरच्या कोपऱ्यात मारलेली सर्व्हिस १८.२९ मीटर पुढं जाताना ४.११ मीटर बाजूला सरकते. म्हणजे दर मीटरला साधारण २२ सेंटिमीटर, आणि टप्प्यानंतरही ती त्याच रोखानं बाहेर जात राहते. बेसलाइनच्या दीड मीटर मागं उभं राहण्याऐवजी बार्तोलीसारखं मीटरभर आत उभं राहिलं, तर चेंडू अडीच मीटर आधी गाठला जातो. २२ गुणिले अडीच, ५५ सेंटिमीटर. पोच गेली ३० ची, परत मिळाली ५५ ची. म्हणून दोन हातांनी खेळणाऱ्याची जागा बेसलाइनच्या आतच.

दुसरं, वेळ. पहिली सर्व्हिस १७० किलोमीटर वेगाची धरा. टप्पा घेऊन परतवणाऱ्यापर्यंत येताना वेग जवळपास निम्मा होतो, म्हणजे सेकंदाला २५ मीटरच्या आसपास. अडीच मीटर येताना वाचले, अडीच जाताना. सर्व्हिस करणारीला सावरायला सेकंदाचा पाचवा हिस्सा कमी मिळतो. सर्व्हिसनंतर तिचा पाय कोर्टात पडून ती जागेवर येतेय, तोच चेंडू पायाशी.

तिसरं, गवत. गवतावर चेंडू घसरतो आणि बुटका उठतो, लांब स्विंगला वेळ मिळत नाही. आखूड स्विंगवाल्याचं तिथं काही अडत नाही. चेंडू मध्यापासून हुकून लागला तरी दुसऱ्या हातामुळं रॅकेट वळत नाही. तिरका क्रॉसकोर्ट, म्हणजे समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडचा फटकाही निघतो, कारण हात शेवटच्या क्षणापर्यंत दिशा लपवतात.

बिघडतं कुठं? गुडघे वाकवले नाहीत, तर बुटका चेंडू जाळीत. समोरचीनं चेंडू टोकाला काढला, की एक पाऊल जास्त लागतं आणि परत मध्यावर यायला आणखी एक. ही जादा पावलं शरीराकडून वसूल होतात. विम्बल्डननंतर चाळीस दिवसही झाले नव्हते, तोच १४ ऑगस्टला सिनसिनाटीत सिमोना हालेपकडून हरल्यावर बार्तोलीनं निवृत्ती जाहीर केली. खांदा, कंबर, पाठ, टाचेची शीर, सगळं दुखत होतं. वय २८. २०१८ मध्ये पुनरागमनाचा बेत दुखापतींमुळंच सोडावा लागला.

पालक आणि प्रशिक्षकांसाठी एवढंच: आठ-नऊ वर्षांचं पोर आपणहून दोन हातांनी फोरहँड मारत असेल, तर दुसरा हात सोडवायची घाई करू नका. आधी त्याला बेसलाइनच्या पाऊलभर आत उभं करा. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागताच हलकी उडी मारून दोन्ही चवड्यांवर यायला शिकवा, आणि तिथून पुढं तिरकं पाऊल. पोच संपते तिथल्यासाठी एका हाताचा स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) आणि व्हॉली (टप्प्याआधीच मारलेला फटका) याच वयात वेगळी बसवून घ्या, पुढं ती सवय लागायला फार वेळ जातो.