मिथेन खाणारे जिवाणू नेमके करतात काय?

नमस्कार. मी ऐरोलीच्या खाडीकिनारी उभी आहे. ओहोटी असल्यामुळे तिवरांखालचा काळा चिखल उघडा पडला आहे. इथे जो कुजकट वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. ज्याच्याविषयी आज बोलायचे आहे त्या मिथेनला स्वतःचा वासच नसतो.

वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो, आणि औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत हवेतील त्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक झाले आहे. पाणथळ जमिनीत, भातखाचरांत आणि डम्पिंग ग्राउंडच्या पोटात तयार होणारा हा वायू सगळाच्या सगळा वर येत नाही, कारण वाटेतच, जिथे खालून मिथेन आणि वरून ऑक्सिजन पोहोचतो त्या पातळ थरात, मिथेनभक्षी जिवाणू त्यावर जगतात. मिथेनचा रेणू फोडणे सोपे नाही. कारखान्यात त्यासाठी शेकडो अंश तापमान लागते. हे जिवाणू मात्र तांबे किंवा लोह असलेल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने साध्या तापमानाला त्याचे मिथेनॉल करतात, पुढे फॉर्मल्डिहाइड, आणि त्यातून काही कार्बन स्वतःच्या पेशींसाठी ठेवून उरलेला कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सोडतात. म्हणजे शेवटी कार्बन डायऑक्साइडच ना, असे कोणी विचारेल. होय, पण ताप कितीतरी कमी झालेला असतो.

खाडीच्या चिखलात थोडे खोल गेले की ऑक्सिजन संपतो. तिथे हे काम जिवाणू एकटे करत नाहीत: आर्किया नावाचे वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव, सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंच्या जोडीने, मिथेन संपवतात, आणि ते सल्फेट भरतीचे पाणी आणून देते. मघाचा वास याच सल्फेटच्या वापरातून येतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने भातशेतीतून असे देशी जिवाणू वेगळे करून वाढवले आहेत. तरीही कुपीतले जिवाणू शिंपडून हवा स्वच्छ होईल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. हवेत मिथेन दहा लाख भागांत जेमतेम दोन भाग आहे, आणि एवढ्या विरळ वायूवर यांपैकी बहुतेकांचे भागत नाही. शिवाय अमोनियायुक्त खत जास्त पडले, तर त्यांचा विकर मिथेन सोडून अमोनियाच्याच मागे लागतो. त्यापेक्षा डम्पिंग ग्राउंडवर कंपोस्ट मिसळलेल्या, ओलसर आणि भुसभुशीत मातीचा थर द्यावा. वायू तिथे दाट असतो, आणि जिवाणू त्या मातीत आपोआप वाढतात.