पेजची गिटार बाजूला झाल्यावर : रॉबर्ट प्लांटचा गळा

[दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. यंत्रमागाच्या कारखान्यावरची माडी. दोन गायक, एक अकुस्टिक आणि एक इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, दोन माइक.]

खालचे माग बंद झाल्यावर इथली तालीम सुरू होते. मागांची खडखड माइकमध्ये शिरली की नंतर काढता येत नाही. आवाजाच्या खालच्या पट्ट्यातच ती बसते आणि ती कापायला गेलं की गायकाचा खर्जही कापला जातो. आज इथे एकच गाणं दोन तऱ्हांनी बसवायचं आहे : ‘प्लीज रीड द लेटर’.

इंग्लिश रॉक गायक रॉबर्ट प्लांट हे गाणं 1998 मध्ये गिटारवादक जिमी पेजबरोबर गायला, आणि 2007 मध्ये गायिका ॲलिसन क्रॉसबरोबर. चाल तीच, शब्द तेच. पहिल्यात आवाज वाद्यांच्या वर चढायला धडपडतो. दुसऱ्यात तो इतका खाली आणि जवळ आहे की श्वाससुद्धा ऐकू येतो. बरेच जण याचं कारण वयात शोधतात. वय आहेच. पण मधल्या नऊ वर्षांत गळ्यापेक्षा शेजार जास्त बदलला होता. प्लांटचा आवाज आयुष्यभर शेजारच्या आवाजाकडे बघून आकार घेत आला आहे, आणि त्या आवाजाच्या जागी पहिली बारा वर्षं जिमी पेजची गिटार होती.

[दृश्य : ड्रमच्या काड्या, गिटारचा ॲम्प्लिफायर. गायक माइकपासून दोन पावलं मागे.]

पेज आणि प्लांटचा रॉक बँड लेड झेपेलिन 1968 मध्ये उभा राहिला तेव्हा प्लांट 20 वर्षांचा होता. पेज गिटारवादक आणि निर्माताही; म्हणजे आवाज किती पुढे, किती मागे हे तोच ठरवायचा. 1969 च्या पहिल्या अल्बमवर गीतकार म्हणून प्लांटचं नावच नाही, कारण दुसऱ्या कंपनीशी त्याचा आधीचा करार होता. दुसऱ्या अल्बमपासून पेज आणि प्लांट ही जोडी कागदावर आली.

कामाची वाटणी साधारण ठरलेली होती. गिटारची आवर्तणारी ओळ, म्हणजे रिफ, बहुतेक वेळा आधी यायची. शब्द आणि गायनाची चाल त्या रिफच्या भोवती बसायची. ‘ब्लॅक डॉग’ लावून बघा. कडव्याची ओळ प्लांट एकटा गातो, खाली वाद्य नाही. ओळ संपते आणि गिटार तुटून पडते. गिटार संपली की पुन्हा आवाज. थेट सवाल-जवाब. पहिल्या अल्बमवरच्या ‘यू शुक मी’च्या शेवटी तर गिटार आणि गळा एकमेकांचा सूर तसाच परत करतात.

समोर असा जवाब असला की गायकाला तीन गोष्टी कराव्या लागतात. पट्टी उंच धरावी लागते, कारण खालच्या भागात गिटार, बास आणि ड्रम दाटून बसलेले असतात. वरची जागाच मोकळी. ओळीचा शेवट धारदार ठेवावा लागतो, म्हणजे गिटारला आत यायची जागा कळते. आणि प्रत्येक फेरीत काहीतरी वेगळं करावं लागतं, कारण रिफ तशीच परत येते. प्लांटच्या किंचाळीबद्दल लोक बोलतात. त्याच्या ओळींच्या शेवटांबद्दल कोणी बोलत नाही, आणि त्याची खरी हुशारी तिथे आहे.

आपल्याकडचे ऑर्केस्ट्रातले गायक ही तऱ्हा उचलायला जातात तेव्हा हमखास एक चूक होते. वरचा सूर लावताना हनुवटी वर जाते, मान ताणली जाते आणि सगळा भार घशावर येतो. हनुवटी सरळ ठेवा, बरगड्यांचा आधार घ्या, आवाज टाळूच्या पुढच्या भागात ठेवा. आवाजातली करकर शेवटी आणा. आधी तो सूर स्वच्छ लागलाच पाहिजे. तालमीत हे सलग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज घोगरा राहिला तर पट्टी दोन सुरांनी उतरवा. मूळ गाणं समजा काळी तीनमध्ये असलं म्हणून तुम्हीही काळी तीनलाच गायलं पाहिजे असं काही नाही. 2007 च्या डिसेंबरात लंडनला लेड झेपेलिन पुन्हा एकत्र आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली होती.

[दृश्य : गिटारच्या खुंट्या. वादक तारा उतरवतो आहे.]

लेड झेपेलिनच्या ‘कश्मीर’ या गाण्यासाठी गिटार वेगळी लावावी लागते. पहिली, दुसरी आणि सहावी तार प्रत्येकी एक पूर्ण सूर खाली : दोन्ही ई डीवर, बी एवर. बाकीच्या तीन तशाच. सहावी तार ढिली पडून पट्ट्यांवर कुरकुरते, म्हणून ती थोडी जाड घ्या. उन्हाळ्यात सोलापूरच्या पत्र्याखालच्या खोलीत तारा तापून आणखी उतरतात. प्रत्येक गाण्याआधी सूर तपासा.

गिटारची ओळ तीन मात्रांची, ड्रम चार मात्रांचा. दोघं बारा मात्रांनी समेवर भेटतात. तबला ऐकलेल्या माणसाला हे अवघड नाही, फक्त हातानं चार धरायचे आणि मनात तीन मोजायचे. प्लांट या दोन्हींच्या वर लांब, सरळ सूर पसरतो. इथे त्याची चपळाई चालली नसती. गाण्याचे शब्द सुचले दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर. काश्मीर त्यानं तोवर पाहिलंही नव्हतं. त्याआधी 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईला येऊन गेले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली थेट 2015 मध्ये.

ड्रमवादक जॉन बॉनम 25 सप्टेंबर 1980 ला गेला आणि डिसेंबरात बँड थांबला.

[दृश्य : रिकामा ॲम्प्लिफायर. गायक एकटा.]

प्लांटचा 1982 चा पहिला स्वतंत्र अल्बम सावध आहे. गिटार रॉबी ब्लंटची, बहुतेक ड्रम फिल कॉलिन्सचे. ब्लंट स्वच्छ, सुटे सूर वाजवतो, भिंत उभी करत नाही. पुढच्या वर्षीच्या ‘बिग लॉग’मध्ये त्याचा परिणाम ऐका. गिटारनं जागा सोडली आहे, आणि प्लांटला पहिल्यांदा कळतं की ती भरलीच पाहिजे असं नाही. आवाज मधल्या पट्टीत, ओळींमध्ये मोठे विराम. हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या विसात गेलं.

1985 चा अल्बम मात्र फसलेला आहे, असं आमचं स्पष्ट मत. सिंथेसायझर, तुटक ताल, आणि त्यांत आवाज एखाद्या परक्या वाद्यासारखा. सिंथेसायझर जवाब देत नाही; तो नुसता पसरून राहतो. गायकाला टेकायलाही काही नाही आणि भिडायलाही काही नाही. 1988 मध्ये तर त्यानं ‘टॉल कूल वन’ या गाण्यात जुन्या झेपेलिनचेच तुकडे सॅम्पल म्हणून पेरले आणि गिटारला खुद्द पेजला बोलावलं. गाणं गाजलं. पण ती वाट मागे जाणारी होती, आणि 1993 च्या अल्बमवर तो अकुस्टिक वाद्यांकडे, लोकसंगीताकडे वळला.

1994 मध्ये पेज-प्लांट पुन्हा एकत्र आले, तेव्हा सोबत इजिप्शियन वादक होते आणि ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’ला नजमा अख्तर हिचा आवाज. 1998 चा त्यांचा ‘वॉकिंग इंटू क्लार्क्सडेल’ हा अल्बम स्टीव्ह अल्बिनी यानं ध्वनिमुद्रित केला. अल्बिनीची पद्धत म्हणजे खोलीत जे वाजतं तेच टेपवर. म्हणून तिथलं ‘प्लीज रीड द लेटर’ फार प्रामाणिक आहे. गिटार पुढे, ड्रम कोरडे आणि मोठे, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा गळा जुन्या सवयीनं वर चढायला बघतो. चाल सुंदर आहे, पण तिच्यातली विनवणी गिटारखाली दबते.

[दृश्य : दोन गायक समोरासमोर. दोघांच्या मध्ये एकच माइक.]

क्रॉस ही ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या परंपरेतली, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारी गायिका. टी बोन बर्नेट निर्माता. 2007 च्या ‘रेझिंग सँड’ या अल्बममध्ये गिटारच्या जवाबाची जागा दुसऱ्या गळ्यानं घेतली आणि प्लांटच्या सगळ्या सवयी अडचणीच्या ठरल्या. गिटारशी सवाल-जवाब करताना प्रत्येक फेरी वेगळी गाता येते. दुसरा गळा वरच्या सुरात जोडीनं जात असेल तर प्रत्येक वेळी तीच ओळ, तेच वळण, तोच श्वास.

आपल्या भजनात, पोवाड्यात साथीचे लोक मुख्य गायकाचाच सूर धरतात, म्हणून हे बसवताना आपल्याकडे अडचण येते. पद्धत अशी. पांढरी एक घ्या. मुख्य गायक ‘सा’वर, जोडीदार ‘ग’वर. मुख्य ‘रे’वर गेला की जोडीदार ‘म’वर, ‘ग’वर गेला की ‘प’वर. अंतर दरवेळी सारखं नसतं : सा ते ग चार अर्धस्वर, रे ते म तीनच. पेटीवर चार पट्ट्या मोजून सरसकट चाललात तर दुसऱ्याच सुराला तीव्र मध्यम लागेल आणि जोडी फाटेल.

मग हरकती काढायच्या. मुरकी, मींड, ओळीच्या शेवटची लहर, सगळं. एकानं मींड घेतली आणि दुसरा सरळ सुरावर राहिला की मधले सूर एकमेकांना घासतात. कागदावर ओळी लिहा, श्वासाच्या जागी पेन्सिलनं रेघ मारा. ओळीच्या शेवटचा ‘त’ किंवा ‘स’ दोघांनी एकाच क्षणी सोडा. दोन वेगवेगळे ‘स’ ऐकू आले की श्रोत्याचं लक्ष तिथेच जातं. वरच्या सुरातला गायक माइकपासून वीतभर मागे, कारण उंच सूर कानाला आपोआप मोठा लागतो. खालचा गायक चार बोटं अंतरावर. त्याहून जवळ गेलं तर खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’ फुटतात. माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला वळवला की ते थांबतं.

आता दुसरी तऱ्हा. लय बरीच उतरवा, काड्यांऐवजी नरम मुठीची मॅलेट घ्या, सिंबल जवळजवळ नको. क्रॉसबरोबरच्या रूपात विनवणी वर येते, कारण तिला पार करायला आता काहीच आडवं नाही. 2009 च्या ग्रॅमीत या गाण्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला, अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा, आणि एकूण पाच पुरस्कार. पेज-प्लांट जोडीनं आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर रचलेलं गाणं पेजशिवाय तिथे पोहोचलं. रचना तेव्हाही पक्की होती. शेजार चुकला होता.

त्यानंतर प्लांटनं ही वाट सोडली नाही. 2010 मध्ये पॅटी ग्रिफिनचा आवाज, 2014 मध्ये गाम्बियाच्या जुल्देह कामाराचं रिटी हे एका तारेचं, गजानं वाजवायचं वाद्य, 2021 मध्ये पुन्हा क्रॉस, 2025 च्या ‘सेव्हिंग ग्रेस’मध्ये सूझी डायन.

[दृश्य : हेडफोन लावून दोघं ध्वनिमुद्रण ऐकताहेत.]

दोन्ही तऱ्हा बसल्या की वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि आधी नुसते गळे ऐका, वाद्यं बंद करून. पहिल्या तऱ्हेत एकटा आवाज उघडा आणि ओरडल्यासारखा वाटेल. ते बरोबर आहे, त्याला गिटार हवीच आहे. दुसऱ्या तऱ्हेत वाद्यांशिवायही गाणं पूर्ण उभं राहिलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर आधी वरच्या गायकाचा ट्रॅक थोडा कमी करून बघा. तरीही जमलं नाही, तर कुठल्या तरी ओळीत कोणाची तरी हरकत अजून शिल्लक आहे. ती ओळ शोधा आणि फक्त तेवढीच पुन्हा घ्या.