कुत्रा लंगडतोय? आधी गोळ्यांचा डबा बंद करा

नमस्कार मंडळी! प्रत्येक व्हिडिओखाली हा प्रश्न असतोच: "ताई, कुत्रा अचानक लंगडायला लागलाय, कुठली गोळी देऊ?" कुठलीही नाही. पुढचं ऐका.

आधी पंजा बघा. गाद्या, बोटांच्या बेचक्या, नखं. आतल्या बाजूला वर जे अंगठ्याचं नख असतं, ते सगळे विसरतात आणि नेमकं तेच तुटलेलं निघतं. दुसऱ्या कुणालातरी डोकं धरायला सांगा. पाय दुखत असला की गरीब कुत्राही चावतो. वरवरचा काटा चिमट्याने काढा, कोमट पाण्याने धुवा, रक्त असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघायचं नाही. काच खोल रुतली असेल, पाय लोंबकळत असेल किंवा तो टेकवतच नसेल, तर हा व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टरांकडे निघा.

आता गोळी, म्हणजे माणसांची दुखण्यावरची गोळी. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. "अर्धीच दिली" म्हणणाऱ्यांनो, तुमची अर्धी त्या पाच किलोच्या जिवाला केवढी होते?

बरं, समजा काही झालं नाही. दुखणं दबलं, की हा गडी लगेच सोफ्यावर उड्या मारणार. दुखतंय म्हणून तो पाय जपत होता ना! ताणलेला स्नायू आता आणखी फाटणार.

आणि डॉक्टरांकडे कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक असतं. पण तुमची गोळी पोटात असताना ते त्यांना लगेच देता येत नाही, कारण दोन्हींचा मारा एकाच पोटावर होतो. म्हणजे तुमच्या गोळीपायी त्याचा खरा उपचार लांबला. एकाने लिहिलंय, "आमच्याकडे वर्षानुवर्षं देतात, काही होत नाही." दादा, मूत्रपिंड ओरडून सांगत नाही हो.

किरकोळ लंगडत असेल, खात-पीत असेल, तर एक-दोन दिवस विश्रांती. विश्रांती म्हणजे शी-शूलासुद्धा पट्टा लावूनच, जिने बंद, बॉल कपाटात. फरक नाही पडला तर दवाखाना.

जाण्याआधी मोबाईलवर त्याची चाल टिपून ठेवा. आमचा बंड्या घरी तीन पायांवर नाचतो आणि दवाखान्यात शिरला की सैनिकासारखा सरळ चालतो! डॉक्टर माझ्याकडे बघतात. घाबरला की कुत्रा दुखणं लपवतो. म्हणून समोरून, बाजूने, हळू चालताना चित्रण करा. पुढचा पाय असेल तर डोक्याकडे लक्ष ठेवा: दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं.

हो, "पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधू का?" बाहेर जाताना बांधा, घरात आल्या आल्या काढा. आत घाम साठतो, जखम चिघळते. पट्टी ओली झाली तर बदला, आणि बोटं सुजलेली दिसली तर ती घट्ट झालीय, लगेच सोडा.