वैरी मेल्याची बातमी

[दृश्य: रात्र. व्हाइट हाउसचं कुंपण, झेंडे, घोषणा देणारे तरुण.]

१ मे २०११. ओसामा बिन लादेन पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये मारला गेल्याची बातमी आली आणि वॉशिंग्टनच्या रस्त्यावर गर्दी लोटली. ११ सप्टेंबरला ज्यांची माणसं गेली, त्यांना त्या रात्री हायसं वाटलं असेल, तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर फेदेरिको लोम्बार्दी बोलले. द्वेष पसरवल्याची आणि असंख्य जीव घेतल्याची जबाबदारी त्यांनी बिन लादेनवर ठेवली. पण माणसाच्या मरणाचा ख्रिस्ती माणूस कधीच आनंद मानत नाही, हेही सांगितलं.

ऐकायला जड जातं हे. शिवाय बायबलमध्ये जल्लोषही आहेच. इस्राएली लोकांच्या मागे लागलेलं मिसरच्या राजाचं, फारोचं, सैन्य समुद्रात बुडालं तेव्हा मोशेच्या बहिणीने, मिर्यामने, हातात डफ घेतला होता. दुर्जन मेले की नगरात जयघोष होतो, असं बायबलमधल्या नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय सांगतो. आणि चोविसावा बजावतो, की शत्रू पडला तर हर्ष करू नकोस. जुलूम संपल्याचा सुटकेचा श्वास वेगळा आणि मेलेल्या माणसावर नाचणं वेगळं, असं मी यातून समजते.

[दृश्य: एन-गेदीचे कोरडे कडे, गुहेचं तोंड.]

इस्राएलाचा शौल राजा वर्षानुवर्षं दावीदाच्या, म्हणजे पुढे त्याच्या जागी राजा झालेल्या तरुणाच्या, जिवावर उठला होता. त्याने भाला फेकला, रानोमाळ पाठलाग केला. एकदा एन-गेदीच्या गुहेत तो दावीदाच्या हाती आयता सापडला. दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि त्याचंही त्याच्या मनाला लागून राहिलं.

पुढे गिलबोवा डोंगरावरच्या लढाईत शौल पडला. फाटक्या कपड्यांनी, डोक्यात धूळ घातलेला, अमालेकी या परक्या टोळीतला एक तरुण शौलाचा मुकुट आणि दंडातलं कडं घेऊन धावत आला. राजाला मीच शेवटचा घाव घातला, असं तो सांगत होता. बक्षीस मिळेल, अशी त्याची अटकळ. दावीदाने अंगावरचे कपडे फाडले, संध्याकाळपर्यंत अन्नाला शिवला नाही. त्या तरुणाला मात्र त्याने ठार करवलं. गोष्टीतला हा भाग कठोर आहे, तो मी झाकणार नाही.

मग त्याने शौलासाठी विलापगीत रचलं. ते सबंध वाचा. भाल्याचा उल्लेख नाही, गुहांचा नाही, एकही गाऱ्हाणं नाही. शौल गरुडाहून चपळ होता, त्याने इस्राएलाच्या कन्यांना किरमिजी वस्त्रं नेसवली, एवढंच.

ख्रिस्ती मनाला वैऱ्याच्या मरणाने चटका का लागावा? नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांमध्ये स्तेफन या ख्रिस्ताच्या अनुयायाला दगडमार होत असताना मारेकऱ्यांचे कपडे एका तरुणाच्या पायांशी ठेवले होते. तार्सचा शौल; राजा शौल नव्हे, हा दुसरा. पुढे तो घराघरांत घुसून विश्वासणाऱ्यांना ओढून तुरुंगात टाकत होता. तेव्हा तो मेला असता, तर यरुशलेमातल्या किती घरांनी देवाचे आभार मानले असते! तोच पुढे ख्रिस्ताचा प्रेषित पौल झाला. आपण देवाचे वैरी असतानाच ख्रिस्ताच्या मरणाने देवाशी आपला समेट झाला, हे रोमकरांस पत्रात त्यानेच लिहिलं. दुर्जनाच्या मरणात मला संतोष नाही, त्याने मागे फिरून जगावं, असं यहेज्केलाच्या पुस्तकात देव म्हणतो. मेलेल्याला आता मागे फिरता येत नाही. दुःख आहे ते याचं.

[दृश्य: पेनसिल्व्हेनियातली शेतं, घोडागाडीचा रस्ता.]

२ ऑक्टोबर २००६. अमेरिकेतल्या निकेल माइन्समध्ये, साधेपणाने वेगळं राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपवलं. पाच मुली गेल्या. त्याच दिवशी काही आमिश शेजारी त्याच्या घरच्यांचं सांत्वन करायला गेले. त्याच्या दफनविधीलाही आमिश मंडळी मोठ्या संख्येने हजर होती. त्यांत मुली गमावलेले आईबाप होते. त्यांचं रडणं थांबलं होतं, असं कुणी समजू नये. राग परतून येत राहतो आणि क्षमा पुन्हा पुन्हा करावी लागते, हे त्यांच्यातल्यांनीच नंतर सांगितलं.

मारेकऱ्याची आई पुढे कित्येक वर्षं, जखमी मुलींपैकी सर्वांत जास्त अपंगत्व आलेल्या मुलीच्या घरी तिची शुश्रूषा करायला जात असे. त्या घराने तिला येऊ दिलं.