सही कुणाची, फाईल कुणाची?

मंडळी, कोणताही शासन निर्णय घ्या. शेवटच्या पानावर एक ओळ असतेच : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ती वाचून धडगाव-मोलगीकडचा माणूस पाड्याच्या रस्त्याचा अर्ज थेट राज्यपालांना धाडतो. तिथून तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ विभागाकडे वर्ग होतो, विभाग तो जिल्ह्याला पाठवतो, आणि कागद फिरून नंदुरबारलाच येतो.

असं का होतं? घटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. पण अनुच्छेद १६३ प्रमाणे ते चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्या ओळीखालची सही बघा, ती उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते. म्हणून निर्णयाच्या वरच्या भागातला क्रमांक वाचायला शिका. ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक, ‘का.’ म्हणजे कार्यासन, विभागातला तो विषय सांभाळणारा कक्ष. फाईल कार्यासनात उघडते, कक्ष अधिकाऱ्याकडून पायरीपायरीने सचिव आणि मंत्र्यांपर्यंत चढते. पैशाचा विषय असला तर वित्त विभागाची सहमती लागते. पत्रावर हे दोन्ही क्रमांक घातले की ते नेमक्या टेबलावर जातं.

आता आपल्या भागाचं वेगळेपण. घटनेच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राष्ट्रपतींनी जाहीर केलेल्या आदिवासी भागात, राज्यपालांना खास अधिकार दिले आहेत. एखादा कायदा तिथे लागू होणार नाही किंवा बदल करून लागू होईल, अशी अधिसूचना ते काढू शकतात. जमीन हस्तांतरणावर बंधनं घालणारे विनियम करू शकतात. मात्र विनियम करण्याआधी जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करावा लागतो आणि नंतर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. म्हणून आपलं गाव अनुसूचित आहे का, हे आधी तपासा. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण आहेत. शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथली काहीच गावं आहेत. यादी १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ मध्ये, त्यामुळे त्या आदेशात नंदुरबार जिल्ह्यातली गावं धुळे जिल्ह्याखाली शोधावी लागतात. इथे बरेच जण चुकतात.

या अधिकाराला मर्यादाही आहे, आणि तिचा फटका आपल्या मुलांनी सोसला आहे. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं. या अधिकारात राज्यपाल मूलभूत हक्कांना बाध आणू शकत नाहीत, हे त्या निकालाचं सूत्र. आपल्याकडची पेसा भरती, म्हणजे याच राखीव पदांची भरतीही न्यायालयीन वादात सापडली आणि २०२४ मध्ये निवड झालेल्यांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका घ्याव्या लागल्या. नुसत्या अधिसूचनेवर विसंबलेली तरतूद अशी अर्ध्यात लोंबकळते. भक्कम पाया कायद्याचाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट, मे २०२० मधली वनहक्काची अधिसूचना थेट कामाची आहे. वनहक्क कायद्यात दाव्यांवर जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रापुरता बदल करून त्यावर विभागीय समितीकडे अपिलाची वाट उघडली. आपल्यासाठी ती समिती नाशिकला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली. अपिलाला नामंजुरीचा आदेश जोडावा लागतो, आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. ‘तुमचा दावा बाद झाला’ एवढं तोंडी सांगून माणसाला परत पाठवलं जातं. नियमाप्रमाणे दावा फेटाळताना कारणं नोंदवावी लागतात आणि निर्णय दावेदाराला कळवावा लागतो. आदेशाची प्रत हातात नसेल, तर समितीकडे ती लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, आणि मगच नाशिकची गाडी धरा.