कराराआधीची सहा वर्षं

नमस्कार, श्रोतेहो.

युनियन हवी की नको यावर कामगार मतदान करतात, त्याचा निकाल लागतो त्या रात्री फोटो निघतात, घोषणा होतात, कुणी रडतं, कुणी मिठ्या मारतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी तीच, पगार तोच आणि साहेबही तोच. मतदान जिंकून कामगाराच्या हाती एकच गोष्ट येते, मालकासमोर बसायचा हक्क. पगारवाढ नाही, रजा नाही, कसलीच हमी नाही. ते सगळं पहिल्या करारात यायचं असतं, आणि तो पहिला करारच येत नाही.

आज बोलायचंय ते अमेरिकेबद्दल, कारण पहिला करार लांबवायची कला तिथल्या कंपन्यांनी फार वरच्या पट्टीला नेली आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांचा 2009 सालचा अभ्यास आहे. मतदान जिंकलेल्या युनियनांपैकी 52 टक्क्यांच्या हाती वर्ष उलटलं तरी करार नव्हता. दोन वर्षांनंतरही 37 टक्के रिकाम्या हातांनीच बसलेल्या. पुन्हा सांगतो. जिंकलेल्या शंभर युनियनांपैकी बावन्न जणींना वर्षभरात करार मिळाला नाही. हरलेल्यांची गोष्ट वेगळीच, ही जिंकलेल्यांची.

असं का होतं? कायदा आहे ना? आहे. 1935 चा आहे. मालकाने युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्याच पाहिजेत असं तो सांगतो. पण 1947 साली त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की कुठलीही मागणी मान्य करायची किंवा काही सोडायची सक्ती कुणावर नाही. पुढे 1970 साली सर्वोच्च न्यायालयात व्हर्जिनियातल्या एका कारखान्याचं प्रकरण आलं. तिथली युनियन 1961 पासून मान्यताप्राप्त होती आणि नऊ वर्षं भांडत होती. मुद्दा होता युनियनची वर्गणी पगारातून कापायचा, बस्स, एवढाच. न्यायालय म्हणालं, मालकाला टेबलाशी बसायला सांगता येईल, पण अमुक कलमावर सही कर असं सांगता येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बसायला लावता येतं, सही करायला लावता येत नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येतो. खरं तर तिच्याचसाठी मी हा विषय घेतला.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोअनोक रॅपिड्स नावाचं गिरणगाव. गाव म्हणजे जे. पी. स्टीव्हन्स कंपनीच्या गिरण्या, आणि कंपनी म्हणजे चादरी आणि टॉवेल. अमेरिकेतल्या कापडधंद्यातली दुसऱ्या क्रमांकाची कंपनी. 1963 पासून कापडगिरणी कामगारांची युनियन तिच्या मागे होती, आणि दहा वर्षांत हाती काय लागलं होतं? बडतर्फ कामगारांची यादी.

त्या गिरणीत क्रिस्टल ली सटन नावाची बाई टॉवेलच्या घड्या घालायची. तासाला 2 डॉलर 65 सेंट. 1973 च्या मे महिन्यात कंपनीने फळ्यावर एक नोटीस लावली. युनियन आली तर काळे लोक तुमच्या डोक्यावर बसतील, अशा अर्थाची. गोऱ्या कामगारांना बिथरवायचा हा जुना डाव. क्रिस्टल कागद-पेन घेऊन ती नोटीस उतरवून घ्यायला उभी राहिली. तिला साहेबांनी बोलावलं आणि कामावरून काढलं. ती आपल्या जागेवर परत आली, एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं ‘युनियन’, आणि टेबलावर चढली. पुठ्ठा डोक्यावर धरून सावकाश फिरत राहिली, सगळ्या खात्याला दिसावा म्हणून. बोलली काहीच नाही. गिरणीत यंत्रांचा एवढा आवाज की बोलून ऐकू कुणाला येणार? मग एकाने यंत्र बंद केलं. दुसऱ्याने केलं. बघता बघता सगळं खातं थांबलं. शेवटी पोलीस आले आणि तिला घेऊन गेले.

पुढच्या वर्षी, 28 ऑगस्ट 1974 ला मतदान झालं. युनियनला 1685 मतं, विरोधात 1448. जिंकले! त्या बाईवर पुढे सिनेमा निघाला, 1979 साली. नटीला ऑस्कर मिळालं. आणि सिनेमा संपतो कुठे? मतदानाच्या विजयावर. जरा अवांतर बोलतो, पण हे मला नेहमी खटकतं. लग्न लागलं की सिनेमा संपतो, खटला जिंकला की संपतो, मतदान झालं की संपतो. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. त्या सिनेमाला टाळ्या पडत होत्या तेव्हा रोअनोक रॅपिड्सच्या कामगारांकडे करार नव्हता. बक्षीस मिळालं तेव्हाही नव्हता. खरी गोष्ट सिनेमा संपतो तिथून सुरू होते.

तर, मतदानानंतर कंपनी बसली टेबलाशी. कायद्याने बसायलाच हवं होतं. बैठक झाली, पुढची तारीख ठरली, बैठक झाली, पुढची तारीख. वर्गणी पगारातून कापायची? नाही. वाद झाला तर लवादाकडे न्यायचा? तेही नाही. बरं, मग काय देता? पुढच्या बैठकीत बघू. बाकीच्या गिरण्यांतल्या कामगारांना पगारवाढ दिली आणि रोअनोक रॅपिड्सची रोखून धरली, म्हणजे लोकांनी म्हणावं, बघा, युनियन करून काय मिळालं. हे प्रकरण श्रमसंबंध बोर्डाकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी मंडळाकडे गेलं. तिथल्या न्यायाधीशाने निकालात जे लिहिलं ते मला फार आवडतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल शर्मन अटलांटा शहराच्या वेशीवर जेवढ्या मोकळ्या मनाने उभा होता, तेवढ्याच मोकळ्या मनाने ही कंपनी वाटाघाटींना आली, अशा अर्थाचं. शर्मनने 1864 साली अटलांटाचं काय केलं हे दक्षिणेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाळलं!

एवढा झणझणीत निकाल. आणि शिक्षा काय? परत जा आणि नीट वाटाघाटी करा. बसायला लावता येतं, सही करायला लावता येत नाही.

मग युनियनने काय केलं? 1976 पासून देशभर कंपनीच्या चादरी-टॉवेलांवर बहिष्कार पुकारला. त्याने गवगवा झाला, पण एकच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जाई, गिऱ्हाईक ओळखणार कसा? तेव्हा रे रॉजर्स नावाच्या कार्यकर्त्याने दुसरीच वाट काढली. तो गिरणी सोडून न्यूयॉर्कच्या बँकांकडे वळला. कंपनीच्या संचालक मंडळावर कोण बसतं, आणि कंपनीचा अध्यक्ष आणखी कोणाच्या मंडळावर बसतो, याची त्याने यादी केली. एका मोठ्या बँकेत युनियनांचे पेन्शन फंड होते. हा माणूस तुमच्या मंडळावर राहणार असेल तर आमचे पैसे दुसरीकडे नेतो, असा निरोप गेला. 1978 मध्ये स्टीव्हन्सच्या अध्यक्षाला त्या बँकेच्या मंडळावरून बाहेर पडावं लागलं. पाठोपाठ एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रमुखाने स्टीव्हन्सचं मंडळ सोडलं, मग एका विमा कंपनीच्या प्रमुखाने.

शेवटचा घाव मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीवर. स्टीव्हन्सला कर्ज देणाऱ्यांत ती मोठी. आणि ती कंपनी कागदोपत्री पॉलिसीधारकांच्या मालकीची, म्हणजे तिचे संचालक पॉलिसीधारकांनी निवडायचे. अर्थात निवडतं कोण? आपण तरी पॉलिसीची बारीक अक्षरं कधी वाचतो? माझं तर स्पष्ट मत आहे की जे छापून येतं आणि कुणी वाचत नाही, त्यातच सगळा कारभार चालतो. युनियनने ती अक्षरं वाचली आणि संचालकपदासाठी आपले उमेदवार उभे करायचं ठरवलं. म्हणजे खरीखुरी निवडणूक, लाखो पॉलिसीधारकांना मतपत्रिका, आणि विमा कंपनीच्या माथी प्रचंड खर्च. तिला ते नको होतं, आणि दबाव स्टीव्हन्सवर आला.

19 ऑक्टोबर 1980 ला करार जाहीर झाला. मतदान ऑगस्ट 1974, करार ऑक्टोबर 1980. रोखलेली पगारवाढ थकबाकीसह मिळाली, वर्गणी पगारातून कापायचं कबूल झालं, लवादही कबूल झाला. सहा वर्षं ज्या गोष्टींना ‘नाही’ होतं त्याच सगळ्या. बदल्यात कंपनीने एक कलम घालून घेतलं: बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मागे लागण्याची ही पद्धत युनियनने आमच्याविरुद्ध पुन्हा वापरायची नाही. न्यायाधीशाच्या शेऱ्याबद्दल कंपनीने कसलं कलम मागितलं नाही, यातच सगळं आलं.

घड्याळ पुढे गेलंय, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो.

मालक वेळ का काढतो? मतदानानंतर युनियनला साधारण एक वर्षाचं संरक्षण असतं. त्यानंतर 30 टक्के कामगारांनी सह्या केल्या की युनियन नको म्हणून पुन्हा मतदान मागता येतं. तोवर जुने कामगार सोडून जातात, नवे येतात, आणि नव्याला ती निकालाची रात्र माहीतच नसते. म्हणून कॅलेंडर मालकाच्या बाजूने असतं. मालक मुद्दाम टाळत होता हे सिद्ध झालं तर बोर्ड हे वर्ष वाढवून देऊ शकतं. पण सिद्ध कशावर करणार? नोंदींवर. कोणत्या तारखेला भेटलो, कोणी तारीख मोडली, कोणती माहिती मागितली आणि किती दिवसांनी मिळाली, हे सगळं लेखी हवं. टेबलावर चढणारी बाई सगळ्यांना आठवते. बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, आणि माझ्या मते अर्ध्या लढाया त्याच्या वहीवर जिंकल्या जातात.

आणखी एक. वाटाघाटी चालू असताना मालकाला आपल्या मर्जीने पगार किंवा कामाच्या अटी बदलता येत नाहीत. मात्र चर्चा खरोखर कुंठित झाली तर तो आपला शेवटचा प्रस्ताव लागू करू शकतो. म्हणून रागाच्या भरात ‘आता बोलण्यासारखं काही उरलं नाही’ असं युनियनने कधी म्हणू नये. नाही, हे खरंच म्हणू नये. मालक तेवढ्याचीच वाट बघत असतो.

शेजारच्या कॅनडाने यावर सरळ उपाय काढला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1973 पासून सोय आहे: पहिला करार होतच नसेल तर त्यातल्या अटी बाहेरून ठरवून देता येतात. नंतर क्वेबेक, मॅनिटोबा, ओंटारिओ यांनीही अशी तरतूद केली. सगळी प्रकरणं काही तिथवर जात नाहीत. पण आपण सही केली नाही तर तिसरा कुणी कलमं लिहून देईल, हे मालकाला ठाऊक असतं, आणि तेवढ्याने बैठकीच्या तारखा लवकर मिळू लागतात. अमेरिकेत खासगी उद्योगांसाठी असा कायदा करायचे प्रयत्न अनेकदा झाले, पण तो अजून झालेला नाही.

पुढच्या भागात पहिल्या करारात तक्रार निवारणाचं कलम कसं असावं ते पाहू. नमस्कार.