शिवी लागते कुणाला?

मंडळी, ‘शिवीगाळ’ या शब्दातला गाळ रंकाळ्याच्या तळाशी साचतो तो नव्हे. तो संस्कृत ‘गालि’पासून आलेला, हिंदीतल्या गालीचा सख्खा भाऊ. ‘बाजारहाट’सारखे एकाच अर्थाचे दोन शब्द इथं जोडीनं नांदतात. पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत ‘शिवीगाळ व दमदाटी केली’ हे आपण कितीदा वाचतो. बदनामी झाली तर मात्र हा शब्द पुरत नाही, तिथं ‘अब्रुनुकसानी’ येते. फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी ती अब्रू. आपला ‘पाणउतारा’ही तेच सांगतो. आणि हे पाणी उतरवायला शिवी द्यावीच लागते असं नाही.

याचं उदाहरण याच गावचं आहे. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं कारभारी बर्वे यांच्यावर केला. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ती शिक्षा भाषेच्या रांगडेपणाला नव्हती, आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून होती. त्यांची तळमळ खरी होती, हे मी मनापासून मानतो. पुढच्याच वर्षी अहमदनगरला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. पण तळमळ खरी असली म्हणून पत्रं खरी होत नाहीत.

आता आपल्या बोलण्याकडे येतो. ‘काय रांडेच्या, हुतास कुठं इतकं दिस?’ गंगावेशीत दुधाचा पेला हातात धरून कुणी असं म्हणालं, की ऐकणारा गळ्यातच पडतो. त्याला ते लागत नाही. इथली शिवी म्हणजे माया, असं आपण अभिमानानं सांगतो. मीही सांगायचो.

मी तेरा वर्षांचा असेन. सोप्यात उभं राहून मित्राला हीच हाक मारली. आत आत्ती तांदूळ निवडत होती. पंचविशीत नवरा गेलेली, पदरात माझ्याच वयाचा मुलगा. तिचा हात थांबला. काही बोलली नाही, सूप उचललं आणि परड्यात जाऊन बसली. रांड म्हणजे विधवा, हे मला त्या दुपारी कळलं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. आपल्या जिल्ह्यातलं हे गाव, ऊर भरून येतो. पण तो शब्द अजून आपल्या तोंडात तसाच आहे.

आत्तीचा मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेलाय. कट्ट्यावर सगळे त्याला त्याच शब्दानं बोलावतात, तोही हसून ओ देतो. मी त्याला नावानं हाक मारतो.